अशक्तपणा

दादाला काय झालंय, असं कुणी विचारलं की वहिनी सांगायच्या, "काही नाही, जरा अशक्तपणा आलाय."

आमच्याकडं हा शब्द सगळ्याला चालतो. टायफॉइड होऊन गेला की अशक्तपणा, बाळंतपणानंतर अशक्तपणा, मुलीचं लग्न पार पडल्यावर आई आठ दिवस पडून राहते तोही अशक्तपणाच. उपायही ठरलेले आहेत: मुगाचं कढण, खारीक-खोबऱ्याचे लाडू, आणि डॉक्टरांच्या मागं लागून लावून घेतलेली सलाईनची बाटली. या शब्दात लाजण्यासारखं काही नाही. काहीतरी कमी पडलंय, ते भरून काढलं की झालं.

दादा तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. सांगलीत गणपती पेठेत आमची हळद-मिरचीची जुनी पेढी आहे, वडिलांच्या मागं ती त्यानंच सांभाळली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. पेढीत पाणी किती होतं ते नंतर भिंतीवरच्या रेघेवरून कळलं, माझ्या डोक्यावर आणखी चार बोटं. भिजलेली हळद फुगते आणि दोन दिवसांत कुजायला लागते. राजापुरी हळदीची ती पोती बाहेर ओढताना हमाल नाकाला रुमाल बांधत होते. दादानं बांधला नाही. तो फावडं घेऊन त्यांच्याबरोबर चिखल ओढत होता. पंचनामे केले, दिवाणजींना घेऊन ओल्या वह्या उन्हात वाळवल्या, दिवाळीला रीतसर वहीपूजन केलं. सगळे म्हणाले, माणूस खमक्या आहे. मीही म्हणाले.

जानेवारीत मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झाली आणि दादा सौद्याला गेला नाही. पहिल्या दिवशी पोट बिघडलंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी काही म्हणालाच नाही. चाळीस वर्षं नवी हळद पहिल्यांदा हातात घेऊन, कांडी मोडून, आतला रंग बघणारा माणूस खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेला. पहाटे तीनला जाग यायची, मग झोप नाही. भाकरी चतकोर. विचारलं की एकच उत्तर, "नको वाटतंय."

रक्त तपासून झालं. साखर ठीक, थायरॉईड ठीक, बी-ट्वेल्व्ह कमी. वहिनींना हायसं वाटलं. "बघा, म्हटलं नव्हतं?" इंजेक्शनं सुरू झाली, आणि ती द्यायलाच हवी होती, कारण बी-ट्वेल्व्ह फार कमी असेल तर माणूस खरंच उदास आणि विसराळू होतो. पण तीन आठवडे झाले तरी दादाचा चेहरा तसाच.

मग भाच्यानं दोन बाटल्या आणल्या.

आमचे आजोबा तालमीत जायचे. त्यांचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम आणि उन्हाळ्यात थंडाई. भाचा विश्रामबागेत जिमला जातो, त्याचा खुराक बादलीएवढ्या काळ्या डब्यातून येतो. डब्यावर एका दंडाचं चित्र आहे, तो दंड पृथ्वीवरच्या कुठल्याही माणसाचा असेल असं वाटत नाही. त्याच दुकानातून त्यानं बाबांसाठी फाइव्ह-एचटीपी आणि टायरोसिन आणलं होतं. "आत्या, तू केमिस्ट्रीची. तूच सांग आईला. बाबांच्या मेंदूतलं सेरोटोनिन, ते मनाशी संबंधित रसायन, कमी पडलंय. कच्चा माल दिला की माल तयार होईल."

व्यापाऱ्याचा पोरगा तो, मांडणी चोख होती. आणि मी खरंच केमिस्ट्रीची. ज्युनिअर कॉलेजला तीस वर्षं अकरावी-बारावीला अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, शिकवली. मला इतका उत्साह आला की जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची रचना काढून दाखवली. हे बघ, हे इंडोलचं कडं. इथं एक हायड्रॉक्सिल चिकटलं की तुझ्या बाटलीतलं फाइव्ह-एचटीपी. तिथला कार्बोक्सिल गेला की सेरोटोनिन. दोनच पायऱ्या, आणि दुसऱ्या पायरीला बी-सिक्स जीवनसत्त्व लागतं. टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावरून असंच डोपामाइन हे मेंदूतलं रसायन होतं. ट्रिप्टोफॅन हॉपकिन्स आणि कोल या दोघांनी १९०१ मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही दुधातल्या केसिनमधून, म्हणजे आजोबांच्या खुराकातूनच म्हण ना.

हे सगळं चाललं होतं तेव्हा दादा शेजारच्या खोलीत होता. दार उघडं होतं.

पुढचे तीन आठवडे मी वाचत बसले. कल्पना खुळी नाही, हे आधी सांगते. अमिनो आम्ल कमी पडून माणसाचं मन बिघडतं, याचं एक पक्कं उदाहरण इतिहासात आहे आणि ते आपल्या भाकरीपर्यंत येऊन पोचतं. पेलाग्रा नावाचा रोग. अंगावर उन्हानं भाजल्यासारखे चट्टे, जुलाब, आणि पुढं उदासी, भ्रम, वेड. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तो व्हायचा आणि तिथल्या वेड्यांच्या इस्पितळांत त्याचे रोगी भरलेले असत. जोसेफ गोल्डबर्गर या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिलं की हा जंतूंचा रोग नाही, ताटाचा आहे. नायसिन, म्हणजे बी-थ्री जीवनसत्त्व, मिळालं नाही की तो होतो, आणि शरीर थोडं नायसिन ट्रिप्टोफॅनपासून स्वतः बनवतं. साधारण साठ मिलिग्रॅममागं एक मिलिग्रॅम. मक्यात दोन्हींची बोंब.

पण दख्खनमध्ये ज्वारी खाणाऱ्यांनाही पेलाग्रा होत होता आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅनचा तसा दुष्काळ नाही. मग का? १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी बोट ठेवलं ते ज्वारीतल्या ल्युसिनवर. ल्युसिन हेही अमिनो आम्ल, ज्वारीत ते भरपूर. त्याच्या अतिरेकानं ट्रिप्टोफॅनचा हिशोब बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. पुढं त्यावर वाद झाले, सगळ्यांनी ते मानलं नाही. मला मात्र ते वाचताना आमच्या आजीचं ताट आठवलं. भाकरीबरोबर आमटी किंवा पिठलं असायचंच, आणि कोरडी भाकरी खाणाऱ्या पोराला ती ओरडायची, "कालवण घे की!" तिला लायसिन नावाचं आणखी एक अमिनो आम्ल ठाऊक नव्हतं. ज्वारीत ते कमी आणि डाळीत जास्त, एवढं तिच्या हाताला कळत होतं.

म्हणजे ज्याच्या ताटात खरोखरच तूट आहे, त्याला भरून दिल्यावर फरक पडतो. दादाच्या ताटात तूट नव्हती. साठ किलोच्या माणसाला दिवसाला अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास ट्रिप्टोफॅन लागतं. पेलाभर दुधात शंभरेक मिलिग्रॅम निघतं, बाकीचं डाळ, शेंगदाणे, दही. तो निम्मंच जेवत होता हे खरं, पण आधी मन गेलं आणि मग जेवण गेलं. क्रम उलटा होता.

दुसरी अडचण दाराची. रक्तातून मेंदूत जायला ट्रिप्टोफॅनला जे दार आहे तेच ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलअॅलनिन यांनाही आहे. सांगली स्टँडवर सणाच्या आदल्या दिवशी तासगावची गाडी लागते तेव्हा दारात जे होतं ते डोळ्यांसमोर आणा. ट्रिप्टोफॅन संख्येनं सगळ्यात थोडं, धटिंगणांत मागं राहणारं. भाच्याच्या डब्यावर 'बीसीएए' असं मोठ्या अक्षरांत छापलंय. ते म्हणजे हेच तिघं पहिले धटिंगण. मी त्याला म्हटलं, तुझ्या दंडाचा डबा आणि तुझ्या बापाच्या मनाचा डबा एकाच दारात भांडतात रे. तो हसला, पण डबा काही बंद केला नाही. फाइव्ह-एचटीपीला ही गर्दी आडवी येत नाही, ते खरं. पण त्यातलं बरंचसं मेंदूच्या आधी पोटातच सेरोटोनिन होऊन बसतं आणि मळमळ सुरू होते. तसंही शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यातच असतं. मेंदूत ते असतं हे कळायला १९५३ साल उजाडलं.

आणि मुळात सेरोटोनिन कमी म्हणून माणूस उदास, हे तरी कुणी ठरवलं? त्याची गोष्ट क्षयरोगापासून सुरू होते. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीत क्षयाचं आरोग्यधाम होतं, आमच्या लहानपणी तिकडून जाताना मोठी माणसं श्वास धरायला सांगायची. तसंच एक न्यूयॉर्कमध्ये होतं, सी व्ह्यू नावाचं. १९५२ मध्ये तिथल्या रोग्यांना क्षयावरचं इप्रोनियाझिड देऊन बघितलं, तर मरणाला टेकलेली माणसं हसायला, खायला, वॉर्डात नाचायला लागली. त्या औषधानं सेरोटोनिनसारख्या रसायनांची मोडतोड थांबते हे कळलं, आणि त्यावरून उलटा तर्क निघाला: वाढल्यावर बरं वाटतं, तर आधी कमी असणार. क्रोसिननं डोकं राहतं म्हणून डोकेदुखी म्हणजे क्रोसिनची कमतरता, असं आपण म्हणत नाही. इथं मात्र जगानं पन्नास वर्षं म्हटलं.

पुढं प्रयोग झाले. ट्रिप्टोफॅन सोडून बाकीची अमिनो आम्लं पाजून माणसाच्या रक्तातलं ट्रिप्टोफॅन काही तासांसाठी खाली आणता येतं. निरोगी माणसांवर हे केलं तर बहुतेकांच्या मनावर काही परिणाम होत नाही. सेरोटोनिनवरच्या गोळ्यांनी नुकत्याच सावरलेल्या लोकांवर केलं तर त्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवसापुरती पुन्हा उदासी येते. म्हणजे काहीतरी संबंध आहे, पण तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीसारखा सरळ नाही. २०२२ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र बघून हेच म्हटलं, उदास माणसांत सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा नाही.

बरं, सिद्धांत चुलीत घाला, गोळीनं बरं वाटतं का ते सांगा. २००२ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी ट्रिप्टोफॅन आणि फाइव्ह-एचटीपीवरचे सगळे प्रयोग धुंडाळले. सापडले १०८. नीट केलेले निघाले दोन, आणि त्या दोन्हींत मिळून माणसं ६४. त्या चौसष्टांत खोट्या गोळीपेक्षा फायदा दिसला, पण एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. आमच्या गल्लीच्या गणपतीच्या वर्गणीच्या यादीत याहून जास्त नावं असतात. मेथिओनिनपासून शरीरात बनणारं 'सॅम-ई' म्हणून एक आहे, त्याचं नशीब जरा बरं. २०१६ चा आढावा, आठ प्रयोग, ९३४ माणसं. तरी निष्कर्ष डळमळीतच. ते शरीरात तयार होत राहायला बी-ट्वेल्व्ह लागतं, तेव्हा वहिनींची इंजेक्शनं अगदीच वाटेबाहेर नव्हती. आणि ज्या माणसाला उदासीबरोबर कधी उन्मादाचे झटकेही येतात, त्याला सॅम-ईनं उन्माद चढू शकतो, हे बाटली बघून कळेलच असं नाही.

१९८९ चं तर विसरूच नये. अमेरिकेत झोपेसाठी, मनासाठी ट्रिप्टोफॅन घेणाऱ्या दीड हजारांवर लोकांना स्नायूंची भयंकर दुखणी लागली, तीसहून अधिक मेले. बहुतेक माल एकाच जपानी कारखान्यातला निघाला, तयार करताना त्यात भेसळीचं काही उतरलं होतं. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य मी तेव्हापासून हळदीच्या बाबतीतही जपून वापरते. (हो, भाच्यानं मध्येच कर्क्युमिनच्या कॅप्सूलही आणल्या होत्या. जन्मभर हळदीच्या धुरळ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला हळदीची कॅप्सूल! त्या दिवशी वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या.)

तर हे सगळं मी एका दुपारी स्वयंपाकघरात वहिनींना वाचून दाखवत होते. चौसष्ट माणसांपर्यंत आले होते. आतून दादाचा आवाज आला.

"तुझं झालं का वाचून? जरा इथं येऊन बस."

गेले. कॉटच्या कडेला बसले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भिजलेल्या हळदीला भाव नसतो गं." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, त्यानं हातानं थांबवलं. पहाटे जाग आली की पाण्याचा वास येतो, म्हणाला. दार उघडून बघतो, रस्ता कोरडा असतो, तरी वास जात नाही. "वाटतं, आता जाग आलीच नाही तर बरं."

तीन आठवड्यांत त्याला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. जेवलास का, गोळी घेतलीस का, हे प्रश्न नव्हेत. आम्ही तिघंही त्याच्यासाठी फार राबत होतो. वहिनी कढण करत होत्या, भाचा बाटल्या आणत होता, मी अभ्यास करत होते. 'अशक्तपणा' म्हटलं की असं राबता येतं. त्याच्या खोलीत बसावं लागत नाही.

जाग आलीच नाही तर बरं, असं कुणी म्हणालं की थांबायचं नसतं, एवढं मला कळत होतं. आज अशा वेळी १४४१६ या सरकारी टेलिमानसच्या नंबरावर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येतं. तो २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा नव्हता. त्या रात्री भाचा बापाच्या खोलीत झोपला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. मिरजेचं एक बरं आहे. १८९४ मध्ये वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतली आणि कर्नाटकातली माणसं औषधपाण्याला मिरजेलाच येतात. त्यामुळं "मिरजेला जाऊन येतो" एवढं म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. दादानं गाडीत एकदाच विचारलं, "वेड्याच्या डॉक्टरकडं का?" मी "होय" म्हटलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि दादाशी पाऊण तास बोलल्या. मग आत बोलावून विचारलं, "आणखी काही घेतात का?" वहिनींनी पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या, हळदीचे नमुने मांडावेत तशा. बाई रागावल्या नाहीत. फाइव्ह-एचटीपीची बाटली उचलून तेवढी बाजूला ठेवली. "ही माझ्या गोळीबरोबर अजिबात नको. दोन्ही मिळून सेरोटोनिन नको इतकं वाढलं तर थरथर, घाम, जुलाब, ताप. जिवावर बेतू शकतं." भाच्याचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "तू वडिलांसाठी काहीतरी केलंस. पण पुढच्या वेळी आधी विचार."

एस्सिटॅलोप्राम ही उदासीवरची गोळी सुरू झाली. फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील, मधेच सोडायची नाही, असं बजावून सांगितलं. खरं तर ही गोळी मेंदूतल्या सेरोटोनिनवर काही तासांतच काम करायला लागते. तरी मन उठायला महिना का लागतो, याला माझ्या कॅलेंडरवरच्या दोन पायऱ्यांत उत्तर नव्हतं. अशा एकवीस औषधांवर २०१८ मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात ५२२ प्रयोग आणि एक लाख सोळा हजारांवर माणसं होती. फायदा सगळ्यांचा दिसला, पण बेताचा. जादू नव्हे. लाख सोळा हजारांसमोर चौसष्ट ठेवून बघितल्यावर मी वाद घालायचं सोडलं.

मग मार्च आला, टाळेबंदी आली, पेढी पुन्हा बंद. बाई आठवड्याला फोनवर बोलायच्या. दादा त्या फोनसाठी दाढी करायला लागला. आधी ते आमच्या लक्षात आलं नाही. एप्रिलमध्ये एकदा आमटी अळणी झालीय म्हणून तो वहिनींवर ओरडला, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, आनंदानं. गोळीनं झालं, बोलण्यानं झालं, की दिवस गेल्यानं, मला सांगता येत नाही. बी-ट्वेल्व्हचाही वाटा असेल. वर्षभरानं गोळी कमी करत आणली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा बाईंनी परत वाढवली. आता छोटी मात्रा चालू आहे. मोकळ्या झालेल्या काळ्या डब्यांत वहिनी शेंगदाण्याचा कूट भरून ठेवतात, दंडाचं चित्र भिंतीकडं करून.

परवा पेढीवर बसले होते. आमचा जुना हमाल गाडीवरचं शेवटचं पोतं उतरवून घाम पुसत आला. त्याचा मोठा मुलगा दोन महिने झाले कामावर जात नाही, दिवसभर पडून असतो. "अशक्तपणा आलाय मालक. ताकदीचं एखादं टॉनिक असलं तर सांगा की. तुमच्याकडं मागं डबे होते म्हणं."

दादानं हातातली हळदीची कांडी खाली ठेवली.

"झोप लागती का त्याला?"

"पडून तर असतोय."

"पडून नव्हं. झोप लागती का? पहाटे किती वाजता जाग येती? मनात काय येतंय त्याच्या?"

हमाल रुमालाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "ते कुठं इचारलंय, मालक."